नको म्हणायची संथा

आमच्या घरात चुकीच्या उच्चारापेक्षा शिळा भात परवडला, अशी स्थिती होती. काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. पुढच्या खोलीत अण्णा, म्हणजे माझे वडील, मुलांना वेद शिकवायचे. शिकवायची रीत ठरलेली. अण्णा एक ओळ म्हणणार, समोरची मुलं ती दोनदा म्हणणार, आणि स्वर जरा घसरला की पुन्हा पहिल्यापासून. याला संथा देणं म्हणतात. अर्थ नंतर, कधीतरी, सवडीनं. मुलींना संथा द्यायची पद्धत नव्हती. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत ऐकायची आणि मनातल्या मनात म्हणायची. त्यामुळे पुष्कळसं मला पाठ आहे, आणि ते मला येतं का, हे अण्णांनी आजवर विचारलेलं नाही. कान मात्र तयार झाला आणि जीभ तिखट झाली. भर लग्नात गुरुजींना थांबवून उच्चार दुरुस्त करणारी बाई अशी काशीच्या मराठी मंडळींत माझी ख्याती आहे. लोक जरा जपून बोलतात माझ्याशी. मला ते आवडायचं.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते अशाच घरातल्या बाईच्या हातून होऊ शकतं.

मी विशेष मुलांना शिकवते. शाळेच्या तळमजल्यावरचा शेवटचा वर्ग माझा. एक जण दिसेल त्याला मिठी मारतो, एकीला दारं उघडबंद करायची असतात, एकाला सगळं येतं पण पेन्सिल हातात दिली की रडू फुटतं. गेल्या वर्षी पावसाळ्यात या घोळक्यात एक अकरा वर्षांची स्वमग्न मुलगी आली. वडील रेल्वेत, बदली होऊन इकडे आलेले, घरी मराठी. पहिले कित्येक दिवस ती टेबलाखाली कान दाबून बसायची. काही विचारलं की तेच परत करायची. ‘पाणी हवंय?’ म्हटलं की तीही ‘पाणी हवंय?’ म्हणायची, आणि हवं होतं की नव्हतं ते कळायचं नाही.

तिच्यासाठी मी वर्ग बदलला, हे मात्र खरं. पंखा घरघरतो म्हणून बंद केला, आणि काशीच्या त्या चिकट उकाड्यात आम्ही सगळे घामाघूम बसलो. भिंतीवरचे भडक तक्ते काढले. आईच्या जुन्या नऊवारीचा पडदा करून कोपऱ्यात आडोसा केला. ज्याला नकोसं होईल त्यानं तिथे जाऊन बसावं, कुणी हाक मारायची नाही. दिवसभरात काय काय होणार त्याची चित्रं मुलांच्या हाताला येतील अशी ओळीनं लावली. त्याखाली बोलता न येणाऱ्यांसाठी कार्डं: पाणी, शू, दुखतंय, आणि उभा पंजा, म्हणजे नको. प्रशिक्षणात आम्हाला घोकून सांगितलं होतं की मुलाला आधी मागता आणि नाकारता आलं पाहिजे, बाकीचं मागून येतं. मी ते परीक्षेत लिहिलं होतं आणि मार्क मिळवले होते.

ती टेबलाखालून बाहेर आली. मग एकदा मी कपाट आवरताना सवयीनं गणपतीचं सूक्त पुटपुटत होते. मी ओळ संपवली आणि मागून तीच ओळ आली. दोनदा. स्वरासकट. जिथे आवाज खाली उतरायला हवा तिथे तो उतरला होता, जिथे चढायला हवा तिथे चढला होता. अण्णांच्या विद्यार्थ्यांना जे महिनोन्महिने जमत नाही ते ही पोर टेबलाला टेकून करत होती.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात रोज संथा सुरू झाली. वर्गाला ती मानवलीही. दारवाली मुलगी दार सोडून चटईवर येऊन बसायची, मिठीवाला ताल धरून डुलायचा. मी डुलायला शिकवलं, हात कसा वर-खाली न्यायचा ते शिकवलं. मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या राहून बघून जायच्या. भिंतीवरची कार्डं होती तिथेच होती, फक्त त्यांच्याकडे कुणी बोट दाखवेनासं झालं. मलाच वेळ नव्हता. मला सूक्त पुरं करायचं होतं.

आमच्याकडे मराठी मंडळींचा गणेशोत्सव असतो. तिथे तिनं सूक्त म्हणायचं असं मी ठरवून टाकलं. तिची आई म्हणाली, “ताई, गर्दीत हिला जमेल का हो? माईकचा आवाज, लायटिंग... हिला टेन्शन येतं.” मी म्हटलं, “काही होत नाही. मी आहे ना.” आई गरीब स्वभावाची. तिनं मान हलवली. मी अण्णांना मात्र दोनदा आठवण केली की पुढच्या रांगेत बसा.

मुलगी नवा परकर-पोलका घालून आली. परकर कमरेत सैल होता, सारखा घसरत होता. मी माझ्या पदराची सेफ्टी पिन काढली आणि घाईघाईनं तिच्या कमरेला लावून दिली. मग तिला गणपतीपुढे उभं केलं.

ती म्हणायला लागली आणि सभागृह गप्प झालं. पहिल्या आवर्तनातच मी अण्णांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते आणि बोटांनी स्वर मोजत होते. सूक्त संपलं, पण ती थांबली नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आवाज चढला होता. लोकांनी हात जोडले. शेजारची एक बाई डोळे पुसत म्हणाली, “पूर्वजन्मीचं काहीतरी आहे हिचं.” तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा आवाज आणखी वर गेला, लय घाईची झाली, डुलणं जोरात. स्वर मात्र जागच्या जागी. तिची आई उठली आणि तिच्याकडे निघाली. मी आईचं मनगट धरलं.

“थांबा,” मी म्हटलं. “म्हणू दे तिला. अण्णा ऐकताहेत.”

आई थांबली. तिची नजर मुलीवरून हलत नव्हती, आणि तरी मी मनगट सोडलं नाही.

चौथ्या आवर्तनाला मुलीचा आवाज फाटला आणि मग मीच तिला बाजूला नेलं. टाळ्या चालूच होत्या. अण्णा जवळ आले. म्हणाले, “स्वर शुद्ध आहेत.” एवढंच. पण हे वाक्य ऐकण्यासाठी मी जन्मभर भाजी निवडली होती. वाटेत गल्ली चढताना त्यांनी विचारलं, “पुढचं कधी देणार तिला?” मी म्हटलं, “सोमवारपासून.” त्या रात्री मी गुणगुणत पोळ्या केल्या, हे आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

सकाळी तिच्या आईचा फोन आला. शाळेला येणार नाही म्हणाली. पिन उघडली होती. उघडून कमरेत घुसली होती, आणि ती जितकी डुलत होती तितकी टोचत होती. घरी परकर उतरवला तेव्हा आतून रक्ताचे डाग पडलेले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं. “चूक माझीच हो ताई,” आई म्हणाली. “परकर मीच सैल शिवला. तुम्ही मनाला लावून नका घेऊ. तुमच्यामुळे ती काही म्हणायला तरी लागली.”

मी ‘काळजी घ्या’ म्हणून फोन ठेवला. पिन माझी होती, ती घाईत नीट न लावणारा हात माझा होता, आणि तिला नेमकं दुखताना ती दुखतंय हे सोडून सगळं बिनचूक म्हणत होती, कारण तिला मी तेवढंच दिलं होतं. ओरडून सांगत होती ती, चारदा, भरल्या सभागृहात. आणि आम्ही हात जोडून बसलो होतो. एकदा मला वाटलं, अण्णांना सांगावं. सांगितलं नाही. ते ‘शुद्ध आहेत’ म्हणाले होते, ते मला परत द्यायचं नव्हतं.

ती परत आली तेव्हा संथेच्या वेळी चटईवर येऊन उभी राहिली, नेहमीसारखी, माझ्या तोंडाकडे बघत. मी सूक्त म्हटलं नाही. भिंतीवरून पंजाचं कार्ड काढलं आणि तिच्या हाताशी ठेवलं. मग तिला मुळीच न आवडणारी वस्तू, ओला चिकट स्पंज, तिच्यापुढे धरली. तिनं हात झटकला. मी कार्ड तिच्या बोटांत दिलं, “नको” म्हटलं आणि स्पंज लगेच उचलून नेला. हे रोज. स्पंज, कारलं, घंटा, खरखरीत पोतं. नियम एकच: कार्ड दिसलं की वस्तू गेली पाहिजे, मला पटो न पटो. ती ‘नको’ म्हणायलाही लागली, पण ते माझंच नको होतं, माझ्याच सुरात, दोनदा.

बाकीच्या मुलांनी मात्र ते धडाक्यात उचललं. गणित काढलं की कार्ड, वही काढली की कार्ड. घरी हिंदी आणि भोजपुरी बोलणारी ही मुलं दिवसभर ‘नको, नको’ करत फिरायची. मिठीवाल्याला तीन जणांनी कार्ड दाखवलं तेव्हा तो आडोशात जाऊन रडला, मग मिठीच्या आधी हात पुढे करून थांबायला शिकला. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “मॅडम, ये क्या नको-नको लगा रखा है? अनुशासन कहाँ गया?” मला हसू आलं आणि बरंही वाटलं. वाटलं, फेडलं आपण.

फेडलं कसलं! थंडीत शाळेला पाहुणे आले, मदत देऊ शकतील असे. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना माझ्या वर्गात आणलं आणि म्हणाल्या, “वो बच्ची, जो मंत्र बोलती है, ज़रा सुनवाइए।” मला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. जीभ माझी तिखट म्हणून प्रसिद्ध. पण पाहुणे हसत उभे होते, बाईंची नजर माझ्यावर होती, आणि खरं सांगते, तो जुना हावरटपणाही जागा झाला. मी तिच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि पहिली ओळ म्हटली.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. भिंतीकडे हात नेला नाही. पुढे झाली आणि तळहात माझ्या ओठांवर ठेवला.

“नको.”

एकदाच. कुठलाही चढ-उतार नसलेलं, जरा घोगरं. हा आवाज मी आधी ऐकलेलाच नव्हता.

पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. मी तिचा हात तिला काढायचा तेव्हा काढू दिला. मग उठून बाईंना सांगितलं, “मना कर दिया उसने। अब नहीं होगा।” बाई पाहुण्यांना घेऊन पुढच्या वर्गात गेल्या.

संध्याकाळी तिची आई न्यायला आली तेव्हा मी दारातच सगळं सांगितलं. आनंदानंच सांगत होते. ती ऐकत राहिली, मुलीचं स्वेटर सारखं करत. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्या दिवशी गणपतीपुढे मलापण नको म्हणायचं होतं, ताई. तुम्ही हात धरला, मग हिंमतच नाही झाली.”

माझ्या वर्गात प्रत्येक मुलाच्या हाताला येईल असं कार्ड होतं. त्यांच्या आयांसाठी मी काही लावलं नव्हतं, आणि मी तर त्यातल्या एकीचं मनगट धरून उभी होते.

मी खुर्ची पुढे केली. विचारलं, “आणखी काय काय म्हणायचं राहिलंय तुमचं?”

तिनं एकदा मुलीकडे पाहिलं, पदर सावरून बसली आणि सांगायला लागली. बरंच होतं.