जावेच्या पांढऱ्याशुभ्र चकत्या

मैत्रिणींनो, मंडळाच्या फळ्यावर हे आजच लिहिते; उद्या धीर होणार नाही.

उपवासासाठी कच्च्या केळ्याच्या चकत्या वाळवताना माझ्या काळ्या पडतात, धाकट्या जावेच्या पांढऱ्याशुभ्र. औषधच घालत असणार! आज तिच्या चुलीशी ठाण मांडून बसले.

तिने केळी सालासकट उकळली, मग चिरली. म्हणाली, "काही नही शे, अक्का. नुसतं उकयतं पानी."

तिथेच बसलेला तिचा मास्तर भाऊ म्हणाला, केळ्यात विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. चिरल्यावर हवा लागली की ते काळं करतं. उकळलं की निकामी होतं.

मी विचारलं, मग चकत्या करताना रोज दार का लावायचीस?

"तुम्ही बठ्ठी गल्लीमा औषधनं सांगी दिधं, म्हणून." खरंच, साऱ्या गल्लीत ते मीच पसरवलं होतं.

सासूबाईंनी तेव्हापासून तिच्या चकत्यांना हात लावलेला नाही. त्यांना आता कोणत्या तोंडाने सांगू?