खाडाखोड न होणारा कागद

कचेरीच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक लॅमिनेटर, कागदांची रिमं आणि ती उभी राहिल्यावर उरेल तेवढी जागा. गल्लीतले सगळे तिला झेरॉक्सताई म्हणत, तिच्या दुप्पट वयाचे वकीलसुद्धा. मशीनमध्ये कागद अडकला की बाकीचे दुकानदार झाकण आपटतात. ती दार उघडून दोन बोटांनी तो असा अलगद ओढून काढायची, जसं झोपलेल्या बाळाच्या अंगाखालून दुपटं काढावं. आईला ते बघून बरं वाटे, आणि लगेच भीतीही वाटे. गेली तीन वर्षं आईला कुठलीही बरी गोष्ट भीतीवाचून बघता आली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी हेच हात मामांनी टॉवेलने बांधले होते. तेव्हा मुलगी आठ दिवस झोपली नव्हती, भिंतींवर पेनाने आकडे लिहीत होती, आणि धीर सुटून आईनेच भावाला फोन केला होता. मामा दोन मित्रांना घेऊन आले. जिन्यावरून गाडीपर्यंत तिला उचलून नेताना शेजारची दारं किलकिली झाली आणि पुन्हा लागली. दोन महिन्यांनी ती बरी होऊन हॉस्पिटलमधून परतली, पण पुढचे चार महिने आईशी एक शब्द बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "मी येत होते ना. चप्पल घालायला एक मिनिट मागितलं होतं."



पुढे ती हॉस्पिटलच्या मागच्या खोलीतल्या बैठकीला जाऊ लागली. दर दुसऱ्या शनिवारी तिथे अशा आजारातून गेलेली माणसं एकमेकांसाठी जमत. डॉक्टर कुणी नसे. बैठक चालवणारा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला लिफ्टवाले म्हणत. नवीन माणूस आला की तो आपली ओळख ठरलेल्या वाक्यात करून देई, "मी तीनदा आत जाऊन आलोय, रस्ता पाठ आहे."

तिथे प्रत्येकाने बरं असताना स्वतःसाठी एक कागद लिहून ठेवला होता. मी बिघडतेय हे कशावरून ओळखायचं, मला ते कुणी सांगायचं, काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही. सगळ्यांचे कागद झेरॉक्सताईने फुकट लॅमिनेट करून दिले. कुणीतरी म्हणालं, साधेच राहू दे, पुढेमागे बदल करावे लागतील. ती म्हणाली, "बरी असताना बदलायचा तर नवा लिहीन. पण बिघडले की सगळ्यात आधी हाच दुरुस्त करायला घेईन. म्हणून प्लास्टिक."

तिचा कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. बिघडल्याच्या खुणा दोन: दुकानातल्या वाया गेलेल्या प्रती घरी आणणं, आणि एका दिवसात तीनदा "मी मस्त आहे" म्हणणं. सांगायचं कुणी, तर लिफ्टवाल्यांनी. मामांना फोन करू नये. सगळ्यात खाली आईसाठी सूचना होती: 'आईने दिवसाला एकच प्रश्न विचारावा. जेवलीस का, हाही प्रश्न धरला जाईल.'

आईला ते फार लागलं होतं. नऊ महिने पोटात वागवलं तिने, आणि कागदावर नाव कुणाचं, तर लिफ्टवाल्याचं. तरी दिवसाला एक प्रश्न ती पाळत आली होती. कधी कधी सकाळीच खर्च होऊन जाई आणि मग दिवसभर तोंडाला कुलूप.

या सोमवारी मुलीने वाया गेलेल्या प्रतींचा गठ्ठा घरी आणला. तिरक्या आलेल्या, काळ्या पट्ट्यांच्या, अर्ध्या पुसट. मंगळवारी दोन पिशव्या आल्या. बुधवारी दुकान उघडलंच नाही. तिच्या खोलीतल्या फरशीवर फिकटपासून गडदपर्यंत प्रतींच्या रांगा लागल्या होत्या, डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि चहाच्या आधीच ती दोनदा "मी मस्त आहे" म्हणून झाली होती.

 आई पेन घेऊन कपाटाशी गेली. मामांना फोन करू नये, याच्यापुढे तिला फक्त चार शब्द लिहायचे होते: फारच झालं तर करावा. पेन प्लास्टिकवरून घसरलं. जोर लावला तर निळा डाग पडला आणि बोट लागताच पुसला गेला. राहिला तो बारीक ओरखडा. दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर मामांचा नंबर काढलेला होता.

खोलीतून तिसऱ्यांदा आलं, "मी मस्त आहे गं." कुणी काही विचारलेलं नसताना.

आईने मामांचा नंबर मिटवला आणि लिफ्टवाल्याला फोन केला.

तो जेवणाच्या सुट्टीत आला, हत्यारांची पिशवी खांद्याला, नखांत ग्रीस. झेरॉक्सताई म्हणाली, चुकीच्या इमारतीत आलात, इथे लिफ्टच नाही. तो हसला आणि एकाही प्रतीवर पाय पडू न देता रांगांच्या मधे खाली बसला.

"तीनदा म्हणालीस," तो म्हणाला. "सांगा म्हणाली होतीस, म्हणून सांगतोय."

मग ती जी सुटली ती थांबेना. ज्याला स्वतःलाच तीनदा आत टाकलं त्याने दुसऱ्याला शहाणपण शिकवू नये, इथपर्यंत गेली. लिफ्टवाला हो म्हणाला, म्हणूनच तर ओळखू येतं. तेव्हा ती उठली, तो कागद जुना आहे, चुकीचा आहे, म्हणत कपाटाशी गेली. दार उघडलं, ओट्यावरचं पेन घेतलं, त्याच्या नावावर रेघ ओढली. पेन घसरलं. पुन्हा ओढणार, तोच थांबली. एका ओळीपुढे आधीच ओरखडा होता.

तिने वळून आईकडे बघितलं. "तूपण?"

आईने मान डोलावली.

"काय लिहीत होतीस?"

"मामाचं."

"मग केलास फोन?"

"नाही."

  मुलीने पेन ओट्यावर ठेवलं आणि तिथेच खाली बसली. चार दिवस झोप नाही, ती म्हणाली, आणि या प्रती फेकवत नाहीत, चूक मशीनची असते, शिक्षा कागदाला का. लिफ्टवाला तिच्याशेजारी येऊन बसला. डॉक्टरांकडे जायचं का, हे त्याने विचारलं नाही. रिक्षा की चालत, एवढंच विचारलं.

"चालत. पण मला चप्पल घालू दे."

त्या चपलेला वीस मिनिटं लागली. घातली, काढली, पट्टा तपासला, दुसरा जोड आणला, पुन्हा पहिलाच.  मधेच हिचं मन फिरलं तर, रस्त्यात पळाली तर, आणि एकाच आजारातून गेलेल्या त्या दोघांना सांभाळायला कोण? आपण चुकलो असू, या विचाराने आईची बोटं मोबाइलवर घट्ट होत होती. लिफ्टवाला दारात उभा राहून छताकडे बघत होता, वर कुणी अडकलं असावं तसा.

आईचा दिवसाचा प्रश्न अजून शिल्लक होता.

"मी येऊ का?"

मुलीने पट्टा ओढून घेतला. "आज नको. रविवारी भेटायला ये." मग दुकानाची किल्ली आईच्या हातात ठेवून ती जिना उतरली, स्वतःच्या पायांनी, कठड्याला एक हात धरून. शेजारचं एक दार किलकिलं झालं. ती तिथे क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

पाऊण तासाने लिफ्टवाल्याचा फोन आला. पोचलो, चालत आली, ठेवून घेतायत, किती दिवस ते सांगत नाहीत. आई बरं म्हणाली आणि खोलीत गेली. फरशीवर रांगा तशाच होत्या. आवरावं की असू द्यावं, हे कागदावर कुठेच नव्हतं. तिने पंखा तेवढा बंद केला, प्रती उडू नयेत म्हणून.