साडेसात बोटांचे उस्ताद

रजेचे अर्ज सोडले तर मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही. भाची म्हणाली, “मामा, बाबांबद्दल तुम्हीच लिहा, तुम्ही तिथं होतात.” होतो खरा. पण तिथं असणं वेगळं आणि नीट सांगणं वेगळं. जमेल तसं सांगतो.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पत्र्याच्या कारखान्यात ते प्रेस चालवायचे आणि पुढं नव्या माणसांना शिकवायचे. मी त्याच कारखान्यात स्टोअरला होतो. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. पाठीमागे ‘साडेसात’ म्हणत, कारण त्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून गेलेलं होतं आणि मधलं अर्धं. “तुम्हाला एकदाच लागते साडेसाती,” ते स्वतःच म्हणायचे, “मी तर रोज घेऊन फिरतो.”

प्रेस ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणसाच्या दुप्पट उंचीचं लोखंडी धूड. खाली साचा, वर पंच. मधे पत्रा ठेवायचा, पंच खाली येतो आणि पत्र्याची वाटी होते किंवा झाकण होतं. पत्रा आहे की हात, हे पंचाला कळत नाही.

भावोजींना हे काम शिकवलं ते गजानं. त्यांचा उस्ताद हातात वीतभर लोखंडी गज घेऊन मागे उभा असायचा. हात साच्यात दिसला की मनगटावर गज. दोनदा दिसला की कानशिलावर. एकदा त्यानं भावोजींचं डोकं प्रेसच्या खांबावर आपटलं होतं, ती खोक शेवटपर्यंत भुवईत होती. एवढा मार खाऊनही बोटं गेलीच. उस्ताद तेव्हा म्हणाला, “आता शिकलास.”

भावोजी उस्ताद झाले तेव्हा तोच गज त्यांच्याकडे आला. खोटं कशाला लिहू, तेही मारायचे. त्यांच्या हाताखालची माणसं सुजलेली मनगटं घेऊन माझ्याकडे हातमोजे मागायला यायची. “उस्तादांचा आशीर्वाद,” असं म्हणून दाखवायची.

मग तो दिवस आला. त्या काळी प्रेस पायाच्या पॅडलवर चालायची. एक अबोल, भित्रा माणूस शिकत होता. दोन लेकरांचा बाप. त्यानं चिमटा बाजूला ठेवून हातानं तुकडा उचलला. भावोजींनी मागून येऊन मानेवर रपाटा घातला. तो दचकला, पाय पॅडलवर पडला आणि पंच खाली आला. चार बोटं एका फटक्यात गेली. भावोजींनी ती साच्यातून वेचली, माझ्या जेवणाच्या डब्यात घातली आणि डबा पोटाशी धरून त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी डब्यात पाहिलं आणि झाकण लावलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो. ते जेवायला बसले आणि जेवले नाहीत. ताईनं विचारलं, “काय झालं?” तर म्हणाले, “बोटं मशीननं नाही तोडली. मी तोडली.” दुसऱ्या दिवशी गज भट्टीच्या भंगारात फेकला. मला म्हणाले, “आता माझ्या हाताखालून गेलेला माणूस दहा बोटांनी म्हातारा झाला पाहिजे. एवढंच एक करायचंय.”

पण न मारता शिकवायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आठ-दहा दिवस ते प्रेसांमधून नुसते माणसांच्या हातांकडे पाहत फिरत होते. मग एक दिवस माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, “शंभर वायसर दे. आणि तार. आणि फाटके हातमोजे असतील तेवढे.”

तोच त्यांचा खेळ. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला एक मोजा द्यायचा, त्यात ओली माती आणि बोटांच्या जागी काड्या भरायला सांगायच्या. मोजा काठीला बांधून त्यालाच साच्यात धरायला लावायचा आणि पंच सोडायचा. काड्या मोडल्याचा आवाज आणि शिवणीतून उसळलेला चिखल. काही जण हसायचे, काही ओकायचे. ओकणारे लवकर शिकतात, असं भावोजी म्हणायचे.

त्यानंतर गळ्यात तार, तारेत दहा वायसर, नटाखाली घालतात त्या भोकाच्या चकत्या. ही तुझी दहा बोटं. चिमट्याऐवजी हात वापरला, साच्यापुढची जाळी उघडी ठेवली, बोलताना मान वळवली की जो पाहील त्यानं ओरडायचं, “हात!” हा शब्द कानावर पडला की चूक कुणाचीही असो, सगळ्यांनी दोन्ही हात छातीशी घ्यायचे. तिथं विचार करायचा नाही. चुकणाऱ्यानं एक वायसर ओरडणाऱ्याला द्यायचा आणि आपलं एक बोट चिकटपट्टीनं तळव्याला बांधून घ्यायचं. पाळी संपेपर्यंत सुटायचं नाही. त्याच हातानं जेवायचं, शर्टाची बटणं लावायची, चहाचा पेला धरायचा. तीन बोटं बांधलेला माणूस डबा उघडायला लागला की बाकीचे टाळ्या पिटायचे.

“उस्ताद, नाक खाजतंय हो!”

“भिंतीला घास.”

हसता हसता माणसं शिकायची. हात आपोआप मागे यायला लागले. भावोजींना घरीही सवय लागली. भाचीनं दाराच्या फटीत हात घातला की “हात!” ताई सुरीनं कापताना इकडंतिकडं पाहायला लागली की “हात!” ताई चिडायची, “मी काय तुमची कामगार आहे?” पण तीही शिकली. शेजारणीचं पोर शेगडीकडे गेलं की हिच्याच तोंडून तो शब्द निघायचा. सहा वर्षं त्यांच्या हाताखालच्या एकाही माणसाचं नखसुद्धा गेलं नाही. एवढी सहा वर्षं मी भावोजींना सुखात पाहिलं.

मग शिकवण्याच्या खात्यावर नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी खेळ पाहिला आणि हरखले. “उस्ताद, हे सोनं आहे! हे कंपनीच्या सगळ्या कारखान्यांत नेऊ.” फक्त त्याला थोडी धार लावायची म्हणाले. भिंतीवर मोठा फळा लावायचा. जास्त माल काढला की गुण, दुसऱ्याचा वायसर घेतला की गुण. तीन महिन्यांनी ज्याचं नाव वर असेल तो कायम. बाकीचे घरी.

भावोजी म्हणाले, “साहेब, ओरडण्याला गुण ठेवू नका. खोटं ओरडतील.”

“स्पर्धेनं माणूस पेटतो, उस्ताद.”

“पेटतो हो. विझवायला कोण येणार?”

पण त्यांनी नेट धरला नाही. आपला खेळ गावोगावी जाणार म्हणून आतून ते फुलले होते. ताईला त्यांनी दोनदा सांगितलं, मी ऐकलं आहे. आणि फळ्यावरची नावं मी रंगवली. माझं अक्षर बरं आहे म्हणून. तेव्हा दोष कुणाला देऊ?

त्या तुकडीत नऊ जण होते. त्यांतल्या दोघांचीच नावं वर असायची. एक पैलवान, आखाड्यातून आलेला, हात खांबासारखे. घरी बायकोला दिवस गेलेले, त्याला कायम व्हायचंच होतं. दुसरी शिंपीण, चाळिशीची, कपडे शिवायचा धंदा बसला म्हणून इकडे आलेली. तिचा हात असा चालायचा की पाहत राहावं.

“पैलवान, ही कुस्ती नाही,” ती म्हणायची, “लोखंड चीत होत नसतं.”

“तुम्ही काजं करा, शिंपीणबाई. मोठ्यांच्या मधे पडू नका.”

पहिल्या आठवड्यात हे गमतीत होतं. तिसऱ्यात हातघाईवर आलं. कुणीही उगाच ओरडायचं, “हात!” समोरचा हात मागे घेणार, त्याचा एक तुकडा कमी होणार. मग भांडण. चूक झाली, नाही झाली. एकानं चिमटा दुसऱ्याच्या तोंडावर मारला, ओठ फाटून दात दिसायला लागले. पाण्याच्या टाकीपाशी पैलवानानं एकाचं नाक फोडलं, वायसर चोरला म्हणून. सोडवायला भावोजी मधे गेले तर त्यांच्या बरगडीत कोपर बसलं. साहेब म्हणाले, “माल दीडपट निघतोय.” भावोजींनी फळा काढायला सांगितलं. साहेब म्हणाले, “तीन महिने पुरे होऊ द्या.” आणि दिवसाला वीस-वीस वेळा ओरडा व्हायला लागला, तेव्हा हात मागे घेणं सगळ्यांनीच सोडून दिलं. भावोजी घसा कोरडा करून सांगत होते, कुणी ऐकत नव्हतं.

शेवटचा शनिवार. पैलवान आणि शिंपीण यांच्यात चार गुणांचं अंतर. आता प्रेसना दोन बटणं होती, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पंच खाली येणार, म्हणजे हात आत राहायला नको. पैलवानानं डाव्या बटणात लाकडी पाचर ठोकली होती. डाव्या हातानं तुकडा काढायचा, नवा ठेवायचा, उजव्यानं बटण. भावोजी तेव्हा दुसऱ्या टोकाला होते. मी हातमोज्यांची पेटी घेऊन फळ्याजवळ उभा होतो.

एक तुकडा साच्यात अडकला. पैलवानाचा डावा हात आत, उजवा बटणाकडे निघालेला.

“हात!” शिंपीण ओरडली. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

पैलवान हसला. “आज नाही, शिंपीणबाई!” म्हणाला, आणि बटण दाबलं.

पंच खाली येऊन तिथंच अडकला. पैलवानाची किंकाळी उशिरा आली, आधी तो नुसता हाताकडे पाहत राहिला. भावोजी धावत आले, मशीन बंद केलं, बाजूच्या मोठ्या चाकात पहार अडकवून चाक उलटं फिरवायला लागले, कारण त्याशिवाय पंच वर येत नाही. चाक केसाकेसानं सरकत होतं. तेवढा वेळ तो तसाच होता, गुडघ्यावर, आणि शिंपिणीनं त्याचं डोकं पोटाशी धरलं होतं. तो तिच्या हाताला चावत होता आणि ती हात काढत नव्हती. पंच वर आला तेव्हा खाली हात म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

त्याला गाडीत घालून नेल्यावर भावोजी पहार घेऊन फळ्याकडे आले. पहिल्या घावात माझं अक्षर मधोमध फुटलं. साहेब धावत आले, “अहो, काय करताय? कंपनीची वस्तू आहे!” भावोजींनी पहार खाली ठेवली, नीट ठेवली, आणि त्या अडीच बोटं नसलेल्या हाताची मूठ करून त्यांच्या तोंडावर मारली. एकदा नाही. आम्ही चौघांनी ओढलं तेव्हा साहेबांचे दोन दात फरशीवर होते आणि भावोजींची मूठ फाटली होती. गज टाकल्यापासून त्यांनी कुणावर हात उचलला नव्हता.

नोकरी गेली. संध्याकाळपर्यंत पोलिसांनी बसवून ठेवलं. घरी आल्यावर ते फक्त एवढंच म्हणाले, “आणखी पाच.”

दोन महिन्यांनी, रविवारी दुपारी, मी ताईकडे जेवायला गेलो होतो. दार उघडंच होतं. पैलवान आत आला. निम्मा झाला होता. डावा हात मनगटाशी संपलेला, उजव्यात लोखंडी नळी.

“तुझा खेळ,” तो म्हणाला. “तुझ्या खेळानं खाल्ला माझा हात.”

भावोजी ताटावरून उठले. “हो,” म्हणाले. हात त्यांनी खालीच ठेवले होते.

पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरा डोक्याला घासून गेला, रक्त कानावरून ओघळायला लागलं. ते एका गुडघ्यावर आले, तरी हात वर करेनात. मी काय करत होतो? ताट हातात धरून उभा होतो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. पैलवानानं नळी डोक्यावर उचलली, आता तिसरा घाव शेवटचाच होता.

“हात!” ताई ओरडली.

स्वयंपाकघराच्या दारातून, शेगडीकडे जाणाऱ्या पोरावर ओरडावं तशी.

नळी फरशीवर पडली. पैलवानाचे दोन्ही हात छातीशी गेले होते, एक पुरा आणि एक नसलेला. आपण काय केलं हे त्याला कळलंच नव्हतं. तो खाली छातीकडे पाहत होता.

भावोजींनी एका डोळ्यातलं रक्त पुसलं. “आता घेतलास मागे,” म्हणाले, “गाढवा.”

पैलवान मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. ताईनं आधी नळी उचलून परसात फेकली, मग चिंधी आणली. ती जखमेवर दाबून धरली तर गाठ मारायला हात उरेना. तेव्हा भावोजी त्याला म्हणाले, “इकडे ये. एक टोक तू धर.”

त्यानं धरलं.