वीस किलो ज्वारीची बॅग

आमच्या शेजारची सून नवरा-मुलांसोबत दुबईला राहते आणि तिथल्या संसाराचे, मुलांसोबतच्या प्रवासाचे व्हिडिओ करते. कंपन्या तिला वस्तू पाठवतात. पण आठ दिवस वापरल्याशिवाय ती कुठल्याही वस्तूबद्दल तोंड उघडत नाही.

या उन्हाळ्यात ती आमच्या गावी, निमोण्याला आली ती एका कंपनीची नवी प्रवासाची बॅग घेऊन. "मामा, जरा ज्वारी वजन करून द्या," मला म्हणाली. मी बरोबर वीस किलो भरून दिली. ती बॅग तिने आधी दौंड स्टेशनच्या जिन्यावर चढवली, मग आमच्या पांदीतून, शेताकडे जाणाऱ्या दगडधोंड्यांच्या वाटेने ओढली.

"पोरं घरात, आन् ही बॅगंला फिरवती!" सासू ओरडली.

चौथ्या फेरीला चाक निखळलं. तिने व्हिडिओ आधी कंपनीला पाठवला. कंपनीने फोन केला, तेवढा भाग गाळा, नाहीतर वर्षाचा करार रद्द.

"मग रद्द करा," ती शांतपणे म्हणाली. "माझं बघून बाया पोरांना घेऊन निघतात. त्यांचं चाक वाटेत तुटलं तर?"

हातचं काम घालवलं हिने, असं मला वाटलं.

पंधरा दिवसांत त्याच कंपनीकडून जाड चाकांची नवी बॅग आली. सोबत चिठ्ठी होती: त्याच वाटेवर ओढा, तुटलेलं चाकही दाखवा.

सगळी आळी पांदीत जमली. फेऱ्या मी मोजल्या. दहा झाल्या, तेव्हा सासू पुढे आली, चाकं हाताने फिरवून बघितली आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाली, "घ्या बिनघोर. आमच्या सुनंनं बघितलीय."