अणदूरची सेंटर बॅक

अणदूरच्या शाळेत मी कबड्डी खेळायचे, तीही कोपऱ्यात. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही, एवढंच मला यायचं. पुढं धाराशिवला कॉलेजात आले. तिथल्या खेळाच्या सरांनी माझी पकड बघितली आणि म्हणाले, "फुटबॉलला ये. बचावाला अशीच न घाबरणारी पोरगी पाहिजे." पायांवर झेप घ्यायची सवय मोडायला वर्ष गेलं. पण त्याच खेळानं मला पुण्याच्या क्लबपर्यंत नेलं. करार झाला आणि खेळणं हेच माझं काम झालं.

पहिला हंगाम मात्र बाकावरच चालला होता. एकदा सामन्याआधीच्या सरावात बचावाच्या मधोमध खेळणाऱ्या आमच्या कॅप्टनचा गुडघा दुखावला. कोचबाई तडक माझ्याकडं आल्या. "आज तू. सेंटर बॅक."

घाबरतच मी बुटांच्या नाड्या बांधल्या. त्यात वर स्टँडमध्ये अप्पा बसलेले. माझ्या वडलांनी जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता आणि नेमके त्याच दिवशी ते एसटीनं मला भेटायला आले होते.

सुरुवातीलाच समोरची उंच स्ट्रायकर मला चकवून सुसाट निघाली. गोलकीपरनं कसाबसा बॉल अडवला आणि ती माझ्यावर ओरडली, "तिचे पाय नको बघूस, बॉल बघ!"

वरून अप्पांचा आवाज आला, "अगं, धर की तिला!"

अख्खा स्टँड हसला. मलाही हसू फुटलं आणि भीती कुठल्या कुठं पळाली. मग मी तिला हलूच दिलं नाही. ती वळली की मी समोर, तिनं उडी मारली की माझं डोकं आधी वर!

आम्ही एका गोलनं पुढं होतो. अगदी शेवटी त्यांना कॉर्नर मिळाला. गोलकीपर पुढं धावली, बॉल तिच्या हातावरून निसटला आणि रिकाम्या गोलकडं निघाला. मी मागं पळत सुटले, अंग झोकून दिलं आणि रेषेवरून बॉल डाव्या पायानं बाहेर भिरकावला. मी मात्र जाळ्यात जाऊन पडले. शिट्टी वाजली आणि सगळ्या पोरी माझ्या अंगावर!

बाहेर आल्यावर अप्पांनी विचारलं, "गोल दुसरीनं केला, मग समद्या तुझ्यावर का पडल्या?"

"अप्पा, म्या त्यांचा होऊ दिला न्हाय."

"व्हय का! लई भारी!" त्यांनी लगेच आईला फोन लावला आणि मोठमोठ्यानं सामना सांगू लागले. त्यातलं निम्मं चूक होतं. मी पायाला बर्फ लावून शेजारी बसले होते. त्यांना अडवावंसं मला अजिबात वाटलं नाही.