दुसरं बोलावणं

नागपूरच्या इतवारी स्टेशनातून छिंदवाड्यामार्गे जबलपूरला जाणारी छोट्या रुळांची गाडी सकाळी सुटायची. आम्ही तासभर आधीच जाऊन बसलो होतो. वळकटी, ट्रंक, पाण्याची सुरई, बायको आणि दोन पोरं. निरोपाला बाबा आले होते आणि आमच्या गल्लीतले सात-आठ जण. कोणी संत्र्यांची करंडी आणली होती, कोणी चिवडा. मी मात्र सारखा फाटकाकडे बघत होतो. माधव येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मान वळायची ती वळतच होती.

"काहून चालला गा इतक्या दूर? इथं तुले कोणी काही बोललं का?" बाबांनी खिडकीशी येऊन शेवटचं विचारलं. कोणीच काही बोललं नव्हतं. तेच तर सगळं दुखणं होतं, आणि ते बाबांना सांगण्याची माझी छाती झाली नाही.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं होत आली. नागपूरच्या महाल भागातल्या त्या गल्लीत जे राहिले, आणि माझ्यासारखे जे पोटाचं निमित्त सांगून निघून गेले, त्या दोघांसाठीही हे लिहितो आहे. निमित्तच म्हणायचं, कारण बदली मी स्वतः अर्ज करून मागून घेतली होती.

माधव आणि मी एका भिंतीचे शेजारी, शाळेत एका बाकावरचे, पुढे सरकारी कचेरीतही एकाच खोलीतले कारकून. त्याची धाकटी बहीण यमू लग्नानंतर दीड वर्षातच विधवा होऊन माहेरी आली. तिचं पुन्हा लग्न करावं असं मला वाटे, आणि मला जे वाटे ते मी घसा फोडून सांगे. संध्याकाळी ओट्यावर बैठक जमे. मी बोलू लागलो की निम्मी मंडळी माना डोलवत. माधव मात्र कचरत होता. महिनाभर मी त्याचा पिच्छा पुरवला. शेवटी एकदा म्हणाला, "तू सोबत आहेस नं गा? मग मी कोणाले भीत नाही." वर्ध्याकडचं एक स्थळ ठरलंही.

त्याच सुमारास माझी बहीण कुसुम हिचं लग्न ठरलं आणि गल्लीतली हवा पालटली. कशी पालटली ते आजही मला नेमकं सांगता येत नाही. कोणी भांडलं नाही, कोणी सभा घेतली नाही. ज्यांच्या घरी उपवर मुली होत्या ते ओट्यावर उशिरा येऊ लागले, मग माधवपासून जरा सरकून बसू लागले. माना डोलवणारे म्हणू लागले, "तसा दोन्ही बाजूंनी विचार केला पाहिजे." ज्यांच्याशी रोजचं उठणं-बसणं त्यांचंच मत हळूहळू आपलं होतं, आणि मत जुळलं की उठणं-बसणं आणखी वाढतं. माझंही तेच झालं. लग्नाच्या गडबडीचं कारण सांगून मी माधवकडे जाणं कमी केलं. बाबा म्हणाले, "मत काय गा, उद्या बदलते. सोयरीक तुटली तं तुटली." ते मला पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं.

आमच्याकडे जेवणाचं बोलावणं दोनदा होतं. सकाळी आवतण जातं. मग पानं मांडून झाली की यजमानाकडचं माणूस पुन्हा दारोदार जाऊन "चला, पानं वाढली" म्हणतं. या दुसऱ्या बोलावण्याशिवाय मानी माणूस पंगतीला येत नाही. आणि ज्या घरी सकाळी आवतण गेलं, त्या घरी त्या वेळची चूल पेटत नाही.

कुसुमच्या लग्नात सकाळचं आवतण माधवकडे गेलं. भिंतीला भिंत लागलेली, टाळणार कसं? दुपारचं बोलावणं करायला मी निघालो. मांडवाबाहेर पडताना काका नुसतं एवढंच म्हणाले, "वरपक्ष मोठा कडक होय म्हणतात." मी एकेका दाराशी थांबत गेलो. माधवचं दार उघडं होतं. सोवळं नेसून, खांद्यावर उपरणं टाकून तो ओसरीवर बसला होता. मला पाहून तो उठू लागला. मी मान खाली घातली आणि पुढच्या दाराशी गेलो.

तीन पंगती उठल्या. चारच्या सुमाराला मांडवातून मला त्यांच्या स्वयंपाकघराचा धूर दिसला. यमूसकट ते सगळं घर तोवर उपाशी वाट पाहत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी हातातलं जिलबीचं ताट मी खाली ठेवलं नाही, वाढतच राहिलो.

संध्याकाळी कुसुमच्या सासऱ्यांनी मला बाजूला घेतलं. अमरावतीकडचे साधे गृहस्थ. "तुमचे ते शेजारी दिसले नाहीत गा, बहिणीचं लग्न लावून देणारे? मले भेटाचं होतं त्यायले. मोठी हिंमत केली." त्यांना बरं नव्हतं, अशी थाप मी मारली. म्हणजे कडक वरपक्ष असा कोणी नव्हताच. काका बाबांकडे बघत होते, बाबा गल्लीकडे, आणि गल्ली आमच्या घराकडे.

त्यानंतर मात्र गल्लीचं मत खरोखर पक्कं झालं, आणि ते मी केलं. त्याच्या जिवलगानंच बोलावलं नाही, मग काहीतरी असेलच, असं म्हणत तळ्यात-मळ्यात करणारेही बाजूला झाले. माधवच्या बायकोला हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. यमूच्या लग्नाला गल्लीतून कोणी गेलं नाही. मीही गेलो नाही. कचेरीत समोरासमोर बसून आम्ही चार महिने फायलींपुरतं बोललो. माफी मागायला जीभ उचलेना, तेव्हा मी अर्ज खरडला.

जबलपुरात आमचं बरं चाललं आहे. पोरं घरातसुद्धा "अम्मा, हम आ गए" करतात, बायको वांग्याला भटा म्हणते. शेजारचे वकीलसाहेब रोज चबुतऱ्यावर बैठक भरवतात. स्वराज्य निघो, लढाई निघो, मी आपला "जी हाँ, जी हाँ" म्हणतो. सगळ्यांना मी फार भला माणूस वाटतो. इथे माझं कोणाशी भांडण नाही, आणि मैत्रीही नाही.

तिकडे गल्ली बदलली. गेल्या उन्हाळ्यात बाबांच्या वर्षश्राद्धाला गेलो, तर कळलं की काकांच्याच विधवा नातीचं दुसरं लग्न वाजतगाजत झालं. ओट्यावरची मंडळी छाती फुगवून सांगत होती, "पहिलं पाऊल आपल्याच गल्लीनं टाकलं गा!" माधवचं नाव कोणी काढलं नाही. तो केव्हाच नागपुरातच, धंतोलीत घर बांधून निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी धंतोलीला गेलो. काय बोलायचं ते वाटेत चारदा घोकलं. दार माधवनंच उघडलं. केस पार पिकले होते. "या," म्हणाला. "बसा. चहा घेता नं तुम्ही?" लहानपणापासून ज्यानं अरेतुरे केलं त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि घोकलेलं सगळं विसरलो. यमूचं विचारलं. सुखात आहे, दोन मुलं आहेत, म्हणाला. आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. राग असता तर मी त्याचे पाय धरले असते.

त्याची धाकटी मुलगी चहा घेऊन आली. मी गाव सोडल्यावर जन्मलेली. कप ठेवून तिनं हळूच विचारलं, "बाबा, कोण होत हे?"

माधवनं कप माझ्यापुढे सरकवला.

"जबलपूरचे होत," तो म्हणाला.

मुलीनं मला वाकून नमस्कार केला आणि मोठ्या अदबीनं विचारलं, "नागपूर पहिल्यांदाच पाहून राहिले का तुम्ही?"

मी हो म्हणालो.