जबडा, ब्रश आणि सिंधूबाईंची डबी

दातांच्या डॉक्टरकडे किस्से साठत नाहीत, असा माझा समज होता. साठणार कसे? समोरचा माणूस आ करून बसलेला, तोंडात आमची दोन हत्यारं, बोलायची सोयच नाही! पण नव्वदच्या दशकात मी अंगणवाड्यांमध्ये जायला लागलो आणि सगळं उलटं झालं. तिथली मंडळी तपासायला तोंड उघडत नाहीत, बोलायला मात्र लगेच उघडतात. आता मित्र जेवायला बोलावतात ते अट घालूनच, "गोड संपेपर्यंत दातांचं काही काढायचं नाही!"

झालं असं, की नाशिकच्या एका संस्थेने लहान मुलांच्या दातांसाठी कार्यक्रम काढला. माझा दवाखाना गुरुवारी बंद, म्हणून डॉक्टर मी. बालवाडीतून निवृत्त झालेल्या सुनंदाताई शिकवणार आणि रामदास जीप चालवणार. सामान म्हणजे टोपलीएवढा प्लास्टरचा जबडा, हातभर लांब ब्रश, चित्रांचे तक्ते आणि मुलांना वाटायला छोटे ब्रश.

*

पहिला कार्यक्रम सिन्नरच्या बाजूला, एका वस्तीवर. सुनंदाताईंना वाटलं, जरा सस्पेन्स ठेवावा. जबडा टेबलावर टॉवेलखाली झाकला आणि "ओळखा पाहू, कोण आलंय?" म्हणत त्यांनी टॉवेल ओढला.

खोली रिकामी! सगळी पोरं शेजारच्या कांद्याच्या शेतात! त्यांना गोळा करता करता रामदासची चप्पल चिखलात गेली ती गेलीच.

पुढच्या खेपेला जबडा आधीपासून उघडाच ठेवला. मुलं हळूहळू जवळ आली, हात लावून गेली. खाऊची वेळ झाली तेव्हा मी वळून बघतो, तर एक पोरगा आपल्या ताटलीतली मटकीची उसळ जबड्यात भरतोय.

"अरे, हे काय करतोस?"

"उपाशी हाय त्यो. कवाधरनं आ करून बसलाय!"

दाढांच्या फटीत अन्न कसं अडकतं, हे शिकवायला त्या दिवशी तक्ता लागला नाही.

*

पेठच्या बाजूला डोंगरातल्या एका पाड्यावर सिंधूबाईंची अंगणवाडी होती. आम्ही पाहिलेल्या अंगणवाड्यांत सगळ्यात कडक. सकाळी मुलांची रांग लागायची, बाई प्रत्येकाला "ई कर" म्हणून दात बघायच्या. दात घासलेले नसले की बोट रांजणाकडे, "जा, चूळ भरून ये." कुणाच्या खिशात गोळ्या निघाल्या की बाईंचा हात पुढे यायचा. गोळ्या कोनाड्यात जायच्या आणि वर एक ठरलेलं वाक्य, "घरी जाताना मिळंल."

मी खूश होऊन म्हटलं, "बाई, आता तुमचे दात बघू."

बाईंनी पदर तोंडाला लावला. बऱ्याच आग्रहाने तोंड उघडलं, तेव्हा कळलं. मशेरी! तंबाखू भाजून, काळी करून, रोज बोटाने हिरड्यांना घासायची. डबी कमरेलाच खोचलेली. गालाच्या आत पांढरा चट्टा पडला होता.

तो चट्टा बघून मला भीती वाटली. मी तिथेच, मुलांसमोरच सांगून टाकलं, "बाई, ही मशेरी सोडली नाही तर पुढे हा चट्टा कॅन्सरवर जाऊ शकतो. थट्टा नाही."

"डॉक्टर, भाकर सोडा म्हणा. मशेरीबिगर मला सकाळी काय सुचत नाय!"

पुढचे सगळे महिने मी त्यांच्या मागे लागलो. इतर पाड्यांवर गेलो तरी परत येताना जीप तिकडे वळवायला लावायचो. रामदास म्हणायचा, "साहेब, मुलं तीस आणि पेशंट एकच!"

*

एकलहऱ्याला वीज केंद्राची वसाहत. तिथे प्रत्येक मुलाला आम्ही स्वतःच्या हाताने ब्रश दिला. महिन्याने तपासायला गेलो तर एका पोराच्या ब्रशचे केस झाडूसारखे चहूकडे पसरलेले.

"हा ब्रश कुणाचा?"

"माझा."

"मग तू सगळ्यात आधी घासतोस ना?"

"नाही. पप्पा आधी. त्यांची फर्स्ट शिफ्ट असते!"

पप्पांनंतर काका, काकांनंतर आई, मग हा. मी आईला समजावलं, की ब्रश ज्याचा त्यानेच वापरायचा असतो. तिने ब्रशकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं.

"डॉक्टर, ह्याचे दात केवढेसे! एवढा ब्रश ह्याला एकट्याला पुरून उरतो!"

*

सगळे किस्से खेड्यातलेच, असं कुणी समजू नये. नाशिक शहरात गंगापूर रोडला एक इंग्लिश नर्सरी होती. गाड्यांतून येणारी मुलं, आणि दात मात्र चॉकलेटने पार खलास. सुनंदाताईंनी पालकांची मीटिंग घेऊन नियमच केला, वाढदिवसाला चॉकलेट वाटायचं नाही.

"मग वाटायचं काय?" एका आईने विचारलं.

"पेरू द्या, गाजर द्या. मुलं आवडीने खातात."

पुढच्याच आठवड्यात त्या बाईंच्या मुलीचा वाढदिवस. सुनंदाताई कौतुकाने मुद्दाम बघायला गेल्या. प्रत्येक मुलासमोर वाटी. वाटीत गाजराचा हलवा, वर खव्याचा थर!

सुनंदाताईंचा चेहरा बघून आई म्हणाली, "गाजरच आहे की!"

*

कळवणच्या बाजूला एका गावात पालकांना बोलावलं होतं. पालक सगळे रानात, म्हणून आले आजोबाच. मी अर्धा तास दुधाच्या दातांबद्दल बोललो. पुढे बसलेल्या एका पागोटेवाल्या आजोबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग हात वर केला.

"हे दात पडणारच ना, डॉक्टर?"

"पडणारच."

"मग पडणाऱ्या घराला रंग कोण देतंय?"

सभा हसली. सुनंदाताई माझ्या मदतीला धावून आल्या. "बाबा, ह्याच्याच जोत्यावर नवं घर उभं राहणार आहे. वरचं किडलं की खालचं जोतं बिघडतं."

आजोबांनी विचार केला. नातवाला पुढे ओढलं, त्याचं तोंड दोन्ही हातांनी फाकवलं आणि मला म्हणाले, "दाखवा जोतं!"

*

तर सिंधूबाईंकडे परत येतो.

त्यांच्या अंगणवाडीत कमळी नावाची चार वर्षांची मुलगी होती. तान्ही असल्यापासून बाटलीतून गोड चहा पिऊन झोपायची, त्यामुळे पुढचे दात किडून काळे खुंट झालेले. पोरं चिडवायची. म्हणून ती सदा तोंडावर तळहात धरून बसायची. बोलणं नाही, हसणं नाही. मी दर खेपेला प्रयत्न केला, पण तिने ना तोंड दाखवलं ना आवाज ऐकवला.

एकदा गेलो तर सकाळच्या रांगेपुढे बाईंच्या जागी ही कमळी उभी! एक हात स्वतःच्या तोंडावर, दुसऱ्या हाताने तपासणी. दात घासलेले असले की मान डोलवायची, नसले की रांजणाकडे बोट. खिशात काही दिसलं की हात पुढे. सगळं बाईंसारखं, फक्त मुक्यानं.

"हे कसं काय?" मी बाईंना विचारलं.

"तिला दाखवायची लाज वाटती ना, डॉक्टर. मग तिला बघायचं काम दिलं. आता रोज सगळ्यांच्या आधी येती."

मला बाईंचं फार कौतुक वाटलं. आणि म्हणूनच राग आला. "बाई, हिच्यासाठी एवढं सुचतं, मग स्वतःसाठी का नाही?"

"सोडली, डॉक्टर! मशेरी सोडली."

"खरंच?"

मशेरीवालीचं बोट लपत नाही, टोकाला काळं पडतं. बाईंनी उजव्या हाताचं बोट माझ्यापुढे धरलं. स्वच्छ! सुनंदाताईंनी टाळी वाजवली. मीही सुटकेचा निःश्वास सोडला. बाईंना तर एवढा जोर आला, की म्हणाल्या, "थांबा, मी बी रांगेत लागते!" आणि खरंच, पोरांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

रांग सरकत सरकत बाईंचा नंबर आला. बाई वाकल्या, "ई" केलं. कमळीने दात बघितले. मग बाईंचं उजवं बोट बघितलं, उलटंसुलटं केलं, सोडलं.

बाई हसून निघाल्या, तर कमळी बाजूला होईना. तिने बाईंच्या पदराखाली हात घातला आणि लपवलेला डावा हात बाहेर ओढला.

बोटाचं टोक काळं कुळकुळीत होतं.

कमळीने तळहात पुढे केला, गोळ्या मागतात तसा. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग कमरेची डबी काढून त्या हातावर ठेवली. कमळी टाचा उंचावून कोनाड्यापाशी गेली, गोळ्यांच्या शेजारी डबी ठेवली.

"घरी जाताना मिळंल ना, कमळे?" बाईंनी हळूच विचारलं.

कमळीने तोंडावरचा हात काढला.

"घरी जाताना बी नाय मिळायची!"

आणि तिने रांजणाकडे बोट केलं. सिंधूबाई मुकाट्याने चूळ भरायला गेल्या.